कापसातला इष्टू

यवतमाळात घाईची माणसं पुष्कळ आहेत आणि आळशी माणसंही काही कमी नाहीत. पण अंगात आळस नसताना, हातात काम असताना आणि ते काम मनापासून आवडत असताना ते जास्तीत जास्त लांबावं म्हणून झटणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे घरमालक. जिल्हा न्यायालयातून ते नाझर म्हणून निवृत्त झाले होते. जप्तीचा माल, समन्स, वॉरंट आणि न्यायालयातल्या खुर्च्या-कपाटं ज्याच्या ताब्यात असतात तो नाझर. निवृत्तीनंतर ताब्यात घर, बायको, बाभुळगावकडची थोडी जमीन आणि माडीवरच्या खोलीतला मी, एवढंच उरलं होतं. तरी त्यांचा रुबाब गेला नव्हता आणि गल्लीनं त्यांचं नाझरसाहेब हे नावही बदललं नव्हतं. मी नागपूरच्या एका दैनिकाचा जिल्ह्याचा बातमीदार होतो. दिवसभर धावून बातमी पाठवायची आणि खोलीवर परत यायचं, तर खाली ओट्यावर हे गृहस्थ सकाळी सोलायला घेतलेल्या तुरीच्या शेंगा संध्याकाळी सोलत बसलेले असत.

त्यांची सायकल होती, पण ती ते बहुधा हातात धरून चालवत. बसून चालवली की लवकर पोचतो आणि लवकर पोचलं की तिथं थांबावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावाला तेव्हा एक नॅरोगेज गाडी होती. तिच्यातून माणसं मध्येच उतरत, रुळाकडेच्या बोरी झोडत आणि पुन्हा चढत. ती गाडीही नाझरसाहेबांना उतावळी वाटे. माझं वर्तमानपत्र ते रोज घेत, पण वाचत दुसऱ्या दिवशी. मी एकदा कारण विचारलं. "ताजी बातमी पोटाला बाधते," ते म्हणाले. "एक दिवस निवू द्यावी. अर्ध्या बातम्या तर त्या दिवसात आपोआप खोट्या ठरतात, तेवढं वाचायचं वाचतं." माझ्या संपादकांना मी हे कळवलं नाही.

घरातला सगळा कारभार न्यायालयाच्या भाषेत चाले. काकूंनी नळ दुरुस्त करायला सांगितलं की ते "पुढची तारीख" म्हणत. फ्यूज गेला की "चौकशी चालू आहे." काकूंनी आवाज चढवला की "विरुद्ध पक्षाचं म्हणणं नोंदवून घेतलं." काकू चार वर्गांपुढे शिकल्या नव्हत्या, पण बत्तीस वर्षं नाझराच्या घरात काढल्यामुळे त्यांना कायदा पुरेसा येत होता. एकदा नाझरसाहेबांनी जेवणासाठी पाट मांडला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "स्वयंपाक राखून ठेवला आहे. नळ आधी." नळ त्याच दिवशी दुरुस्त झाला. त्या घरात इतक्या जलद निकाल लागल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

नाझरसाहेबांचं खरं कर्तृत्व मात्र हिवाळ्यात दिसे. उमेदवारीच्या काळात ते एका जज्जसाहेबांबरोबर दौऱ्यावर जात. त्या साहेबांचा खानसामा कोंबडी आणि भाज्या एकत्र घालून, दिवसभर मंद आचेवर ठेवून एक पदार्थ करायचा. साहेब त्याला स्ट्यू म्हणत, खानसामा इष्टू. साहेब बदलून गेले, खानसामा गेला, इष्टू मात्र नाझरसाहेबांकडे राहिला. गवरान कोंबडी, गाजर, मुळा, आलू, फ्लॉवर, वालाच्या शेंगा, तुरीचे ओले सोले, लसणाची पात, आल्याचा मोठा तुकडा, तेजपान आणि अख्खे मिरे. तिखट नाही, काळा मसाला नाही, वर तेलाची तर्री नाही. आमच्या भागात तर्री नसलेल्या रश्शाला कोणी रस्सा म्हणत नाही, आणि हिवाळ्यात तर नाहीच. नाझरसाहेबांना त्याची पर्वा नव्हती. "तिखट ही घाई आहे," ते म्हणत. "चव यायला वेळ लागतो म्हणून माणूस तिखट टाकतो." हा पदार्थ चवीला कसा होता हे मी सांगू शकत नाही. मी शाकाहारी आहे. इथं जे लिहितो आहे ते पाहिलेलं, नाकाला कळलेलं आणि बाकी इतरांच्या जबाबावरून.

काकूही खात नसत, त्या माळकरी होत्या. त्यामुळे त्या घरात कोंबडी स्वयंपाकघरात शिजत नसे. मागच्या आंगणात तीन विटांची चूल, वेगळी हांडी, वेगळा पळा आणि स्वयंपाक करणारे नाझरसाहेब स्वतः. शहरातल्या पुष्कळ घरांत ही पद्धत आहे. अडचण एवढीच, की इष्टूला दिवसभर मंद आच लागते आणि आमच्याकडे जळण म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या वाळक्या काड्या. ती कागदासारखी पेटते आणि कागदासारखीच विझते. चुलीपाशी दिवसभर बसून एकेक काडी सारावी लागे. नाझरसाहेबांना बसण्याची अडचण नव्हती, पण त्यांना दमा होता आणि धूर सोसत नव्हता. इष्टू बंद पडायची वेळ आली होती. तो वाचला कापसामुळे.

ती कापसाच्या पडत्या काळाची वर्षं होती. भावाचं काही खरं नव्हतं. आज विकावा की उद्या, या विचारात लोकांनी कापूस घरातच ठेवला होता. नेरला, आर्णीला, कुठंही बातमीला गेलो की लोक मला कापसाच्या ढिगावरच बसवत, कारण बसायला दुसरी जागाच नसे. नाझरसाहेबांचं शेत बटईनं होतं. बाभुळगावजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा परसराम ते करी; कापूस निघाला की अर्धा त्याचा, अर्धा नाझरसाहेबांचा. तांड्यावर त्याच्या घरात जागा नव्हती, म्हणून दोघांचा मिळून एकच ढीग नाझरसाहेबांच्या बैठकीत लागे. सोफा ओट्यावर गेला होता. टीव्हीचा वरचा अर्धा भाग दिसत होता. एका थंडीत नाझरसाहेब त्या ढिगात पाय खुपसून बसले होते. पाय गरम झाले. बराच वेळ विचार करून ते उठले आणि हांडी घेऊन आले.

तेव्हापासून पद्धत ठरली. सकाळी आंगणात पऱ्हाटीच्या भडक्यावर इष्टूला सणसणीत उकळी आणायची, झाकण कणकेनं बंद करायचं, हांडी बारदान्यात गुंडाळायची आणि बैठकीतल्या ढिगात कोपऱ्याला खोल पुरायची. संध्याकाळी काढली तरी हात भाजे. मांस हाडावरून आपण होऊन उतरे, असं खाणारे सांगत. कोंबडी उकळायची पऱ्हाटीवर आणि मुरायची कापसात. भाव नसलेल्या पिकाचा इतका पुरेपूर उपयोग जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केल्याची माझ्याकडे नोंद नाही.

काकूंनी अर्थातच हरकत घेतली. घरात कोंबडी शिजवणार नाही असं लग्नातच ठरलं होतं. नाझरसाहेबांनी बाजू मांडली, "शिजणं बाहेर झालं. आत ती नुसती थांबते."

"थांबते थांबते म्हणता, अन् शिजते," काकू म्हणाल्या.

"तो तिचा प्रश्न आहे."

शेवटी तडजोड झाली. हांडी बैठकीत राहील, मधल्या खोलीचा उंबरठा ओलांडणार नाही, आणि गुरुवार-शनिवार ढिगाला सुट्टी. याच काळात दिल्लीचा एक पत्रकार कापसावर लिहायला आला होता. मी त्याला नाझरसाहेबांकडे नेलं. तो ढिगावर बसून प्रश्न विचारू लागला आणि थोड्या वेळानं खालून चाचपू लागला. कापूस गरम कसा, असं त्यानं विचारलं. "विषय न्यायप्रविष्ट आहे," नाझरसाहेब म्हणाले. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

कोंबडी परसरामच्या घरून येई. क्वचित नाझरसाहेब स्वतः तांड्यावर जाऊन निवडत. कोंबडीचं वय, तिनं किती वेळा अंडी उबवली, ती कोणाशी भांडते का, असं सगळं ते परसरामच्या आईला विचारत. परसराम तिला याडी म्हणे, तांड्यावर आईला तसंच म्हणतात. त्यामुळे नाझरसाहेबही तिला याडीच म्हणत. एकदा फार वेळ ही तपासणी चालली तेव्हा याडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, कोंबडी नेऊन राह्यले का सून?" नाझरसाहेबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. दोन्ही बाबतीत चौकशी सारखीच करावी, असं ते परत येताना म्हणाले.

परसराम तिशीचा असेल. त्याचा बाप हेच शेत करायचा. लहानपणी बापाच्या मागे तो या घरात यायचा तेव्हापासून इष्टूला तो आणि नाझरसाहेब असे दोनच खाणारे होते. काकू नाही, मी नाही, आणि गल्लीतली बाकीची घरं नाझरसाहेबांच्या शब्दांत "चोरून खाणारी." दोघं ओट्यावर समोरासमोर बसत. परसराम ज्वारीची भाकर कुस्करी, त्यावर इष्टू ओती आणि पहिल्या घासाला दर वेळी तेच म्हणे, "साहेब, याले रस्सा म्हनता? हे तं कोंबडीची आंघोळ हाय." नाझरसाहेब म्हणत, "मग कायले खातो बे?" तो म्हणे, "तुमाले एकट्याले सरत नाही म्हून." आणि हांडी रिकामी होई. दोन-दोन तास चालणारं ते जेवण मी माडीच्या कठड्यावरून पुष्कळदा पाहिलं आहे. बोलणं फारसं नसे. हाडं चोखण्याचा आवाज असे आणि मध्येच कोणी तरी हसे.

त्या वर्षी दिवाळीत परसरामनं सांगितलं, की तो शेत सोडतो आहे. त्याच्या साळ्यानं पुण्याकडच्या एका कंपनीत त्याचं काम पक्कं केलं होतं. संक्रांत झाली की हजर व्हायचं. बायको-पोरांना घेऊन जायचं, खोली करायची, तर हाती काही हवं. म्हणून कापूस विकला की तो निघणार होता. "कापूस इकला का मी चाललो, साहेब," तो म्हणाला. नाझरसाहेब म्हणाले, "बघू."

नाझरसाहेबांना काय हवं होतं हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं. कापूस बैठकीत आहे तोवर परसराम जात नव्हता. दर सोमवारी तो पहिल्या एसटीनं काखेत कोंबडी घेऊन येई आणि आज कापूस काढू म्हणे. नाझरसाहेब कोंबडी ठेवून घेत, भाव पाहू म्हणत आणि चूल पेटवत. हांडी ढिगात गेली की ती संध्याकाळपर्यंत हलवायची नाही. हांडी ढिगात असताना ढीग हलवायचा नाही. आणि संध्याकाळी कापूस घेणाऱ्या जिनिंग कारखान्याचा वजनकाटा बंद. मी न्यायालयाच्या बातम्या बरीच वर्षं केल्या. इतका बिनतोड स्थगिती आदेश पाहिला नाही. परसरामलाही तो कळत होता. पण समोर इष्टू आला की तो जेवे, आंघोळीबद्दल बोले आणि शेवटच्या गाडीनं परत जाई. भाव मात्र दर सोमवारी थोडा उतरत होता, आणि ती बातमी मीच पाठवत होतो.

संक्रांत जवळ आली त्या सोमवारी परसराम उशिरा आला. कोंबडी त्यानं आदल्या दिवशीच कोणाबरोबर तरी पाठवली होती. हांडी सकाळीच ढिगात गेली होती. परसरामबरोबर मेटॅडोर होती आणि दोन हमाल होते. नाझरसाहेब ओट्यावर उभे राहिले.

"हांडी लागली आहे," ते म्हणाले. "आता पुढच्या सोमवारी."

परसराम पायरीखालीच थांबला. "साहेब, पुढच्या सोमवारी मी कंपनीत पायजे. नाही गेलो तं साळा दुसऱ्याले लावते. मले आता तारीख देऊ नका. निकाल द्या."

काकू दारात आल्या होत्या. "अहो, जाऊ द्या पोराले," त्या म्हणाल्या. "काहून अडवून राह्यले त्याले?"

नाझरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "भरा. हांडी मी काढतो."

आणि त्या दिवशी त्या गल्लीनं नाझरसाहेबांना धावताना पाहिलं. ते आत-बाहेर करत होते, हमालांना जागा दाखवत होते, स्वतः कापूस कवेत घेऊन चवाळ्यांत, म्हणजे गाठोडी बांधायच्या मोठ्या जाड चादरींत, भरत होते. ढीग चवाळ्यांत बांधून भराभर मेटॅडोरमध्ये चढला. "हे चवाळं लय जड लागून राह्यलं," एक हमाल म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. नाझरसाहेब ड्रायव्हरशेजारी बसले, परसराम मागे कापसावर, आणि भावाची बातमी हवी म्हणून मी स्कूटरवर.

जिनिंगमध्ये हमालांनी चवाळी उतरवली आणि खरेदीदार त्यांच्याभोवती फिरला. कापूस हातात घेऊन त्यानं धागा ओढून पाहिला, मान हलवली आणि रिवाजाप्रमाणे एका चवाळ्यात खांद्यापर्यंत हात घातला. हात लगेच बाहेर आला.

"हा तापेल हाय," तो म्हणाला. "पानी मारलं याले."

वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात, आणि ओला कापूस दाबून ठेवला की आतून तापतो. असा माल कोणी घेत नाही. परसरामचा चेहरा उतरला. "याडीची आन," तो म्हणाला, "थेंब नाही मारला, भाऊ. घरातून सीधा आनला."

"मंग गरम कायचा हाय? परत ने. वाळव, दहा-पंधरा रोजानं आन, मंग पाहू."

दहा-पंधरा दिवसांनी म्हणजे कंपनीतली जागा गेल्यावर. हे मला कळलं, परसरामला कळलं. परसराम पुन्हा पुन्हा शपथ घेत होता. हमाल चवाळी परत चढवायच्या तयारीनं उभे राहिले. नाझरसाहेब गाडीला टेकून उभे होते. जी पुढची तारीख त्यांनी जन्मभर लोकांना दिली आणि गेले काही आठवडे स्वतःसाठी मागितली, ती त्यांना दुसऱ्याच्या तोंडून, न मागता मिळाली होती. फक्त गप्प राहायचं होतं. हमालांनी दोन चवाळी चढवलीही.

मग ते पुढे आले. "ती गरमी कापसाची नाही," ते खरेदीदाराला म्हणाले. "कोंबडीची आहे."

खरेदीदारानं आधी त्यांच्याकडे आणि मग परसरामकडे पाहिलं. नाझरसाहेबांनी सदऱ्याची बाही वर सारली, चवाळं सोडलं, कापूस बाजूला केला आणि बारदान्यात गुंडाळलेली हांडी दोन्ही हातांनी बाहेर काढली. हांडी काढायची ते विसरले होते की नव्हते, यावर माझ्याकडे पुरावा नाही. परसराम म्हणाला, "साहेब, तुमी तं काढतो म्हनलं होतं ना." नाझरसाहेब म्हणाले, "काढली की."

खरेदीदारानं उरलेल्या सगळ्या चवाळ्यांत हात घातला. ती थंड होती. हांडीजवळचा कापूस त्यानं हुंगला आणि लसणाचा वास येतो म्हणून तेवढा वेगळा काढला. बाकीचा काट्यावर गेला. हांडीचं झाकण तिथंच उघडावं लागलं, कारण वास सुटला होता आणि काट्यावरचा माणूस काटा सोडून आला होता. कोणी डबा सोडला, कोणी भाकरी काढल्या. हमाल, ड्रायव्हर, काटेवाला आणि शेवटी खरेदीदार, सगळे हांडीभोवती उकिडवे बसले. खरेदीदारानं पहिला घास घेऊन विचारलं, "तिखट विसरले का, काका?" परसराम आता आंघोळीचं म्हणेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं एक तंगडी काढून नाझरसाहेबांच्या भाकरीवर ठेवली आणि खाली मान घालून जेवत राहिला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो बायको-पोरांना घेऊन गेला. नाझरसाहेबांनी पुढच्या साली शेत दुसऱ्याला दिलं. त्यानं सोयाबीन लावलं. बैठकीत सोफा परत आला आणि टीव्ही पूर्ण दिसू लागला. मी त्यानंतर एकच हिवाळा तिथं राहिलो. त्या हिवाळ्यात मागच्या आंगणातली चूल पेटलेली मी पाहिली नाही. काकूंनी एकदा स्वतःहून सांगितलं, की करा एखाद्या दिवशी, मी काही म्हणत नाही. "बघू," ते म्हणाले.

फाल्गुनात एका रविवारी मी भाडं द्यायला खाली गेलो होतो, तेव्हा फोन वाजला. नाझरसाहेबांचा फोन जुना होता, पलीकडचा आवाज बैठकीभर ऐकू येई. परसराम होता, कुठल्या तरी बूथवरून बोलत होता. पोरं शाळेत जातात, खोलीला नळ आहे, थंडी आपल्यासारखी पडत नाही, असं त्यानं सांगितलं. नाझरसाहेब प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "जेवण देतेत का कंपनीत?"

"देतेत. बुधवारी कोंबडी बी राह्यते."

"कशी असते?"

"लवकर होते, साहेब."

नाझरसाहेबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मागं कोणी तरी परसरामला आटप म्हणत होतं. बूथवर रांग असावी. "सावकाश जेवत जा बे," ते म्हणाले. पलीकडून फोन ठेवला गेला होता. ते ऐकत बसले होते तसेच बसून राहिले, आणि मी भाडं टीपॉयवर ठेवून वर गेलो.